‘कसंतरी करून राहिले’ म्हणजे नेमकं काय?

पत्र

नमस्कार मॅडम,

मी एका सरकारी दवाखान्यातून गेल्या वर्षी परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. ३३ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी मेडिसिन वॉर्डात. नागपुरात मानेवाड्याला राहते. दोन महिन्यांपूर्वी माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी घरी भेटायला आली. ती आता एका खासगी नर्सिंग कॉलेजची प्राचार्य आहे. म्हणाली, ‘सिस्टर, आठवड्यातून दोन दिवस आमच्या हॉस्पिटलला या, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना बेडसाइडला शिकवा. मानधन देता येणार नाही, मेंटॉर म्हणून या.’ मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मुलगा म्हणतो, ‘आई, लाखांनी फी घेऊन राहिले ते, तू फुकटात काहून जातेस?’ यजमान म्हणतात, जन्मभर नाइट केल्या, आता आराम कर. माझी भीती वेगळीच आहे. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, या मुली बी.एस्सी. करतात. त्यांची पुस्तकं जाड, त्या मॅनिकिनवर, म्हणजे माणसाच्या पुतळ्यावर, शिकून येतात. मी त्यांना काय शिकवणार? शिवाय मला रागवायची सवय आहे, वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होती.

परवा रामटेकला एका लग्नात समोरच्या पंगतीतल्या म्हाताऱ्या काकांना धाप लागलेली दिसली. मी घास हातात धरून त्यांच्या छातीकडेच पाहत बसले. सून म्हणाली, ‘आई, जेवा ना.’ हे कशासाठी लिहिलं ते मलाही कळलं नाही. काय करू, सांगा.

– एक निवृत्त सिस्टर, मानेवाडा

उत्तर

सिस्टर,

जा. पण प्राचार्यबाईंनी बोलावलं तसं मोघमात जाऊ नका, काही गोष्टी आधी ठरवून जा. त्या पुढे सांगते. आधी तुमचा तो प्रश्न घेते, ‘मी काय शिकवणार?’

मी २६ वर्षं पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगच्या मुलींची ट्यूटर, होते. एकदा सकाळच्या पोस्टिंगला दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे जवळजवळ पळतच आली. ‘मॅडम, सतरा नंबरचे बाबा कसेतरी करून राहिले.’ मी विचारलं, कसेतरी म्हणजे? ‘माहीत नाही मॅडम. कसेतरीच.’ मी चार्ट उचलला. सकाळी सात वाजता टेम्परेचर ९८.६, पल्स ८०, रेस्पिरेशन २०. अठरा नंबरचं रेस्पिरेशन २०. एकोणीस नंबरचंही २०. त्या सकाळी अख्खा वॉर्ड मिनिटाला वीस श्वास घेत होता. तुम्ही हसला असाल, कारण असे चार्ट तुम्हीही आयुष्यभर पाहिलेत. मनगट हातात धरून पल्स मोजावीच लागते, श्वास मात्र नजरेनेच ‘मोजून’ होतो.

मी मुलीला बाबांजवळ स्टुलावर बसवलं, हाताला घड्याळ दिलं आणि पूर्ण एक मिनिट मोजायला सांगितलं. त्यांना कळू द्यायचं नाही, कळलं की माणूस श्वास बदलतो, म्हणून मनगट धरूनच ठेव म्हटलं. आकडा आला ३४. मग तिला विचारलं, आणखी काय दिसतं? ती पाहू लागली. नाकपुड्या फुलतात. दोन शब्द बोलले की थांबतात. उशीवर टेकत नाहीत, पुढे वाकून बसलेत. दहा मिनिटांपूर्वी या सगळ्याला ती ‘कसंतरी’ म्हणत होती. डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला, बाबा आयसीयूत गेले आणि आठवडाभराने पुन्हा वॉर्डात आले.

सिस्टर, त्या मुलीने जे पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं. तिच्याकडे डोळा होता, पण शब्द आणि आकडा नव्हता. रात्री दोन वाजता फोनवर ‘पेशंट कसंतरी करून राहिला’ म्हटलं तर कोणता रेसिडेंट डॉक्टर उठून येईल? ‘श्वास ३४, ऑक्सिजन सॅच्युरेशन ८८, दोन शब्दांत थांबतात’ म्हटलं की येतो. पहिल्या वाक्यापासून दुसऱ्या वाक्यापर्यंत मुलीला कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं. पुस्तकात ‘कसंतरी’ नावाचा धडा नसतो. मॅनिकिन कसंतरी करत नाही, त्याचा श्वास बटणावर चालतो. वर्गातली ट्यूटर हे सांगू शकते, दाखवू शकत नाही, कारण दाखवायला त्या क्षणी तो पेशंट समोर लागतो आणि शेजारी मोकळा वेळ असलेलं अनुभवी माणूस लागतं. स्टाफ सिस्टरकडे अनुभव असतो, मोकळा वेळ नसतो. तुमच्याकडे आता दोन्ही आहे.

दुसरं, भाषा. या मुली इंग्रजीतून शिकतात. डिस्पनिया म्हणजे धाप, पॅल्पिटेशन म्हणजे धडधड, सिन्कोप म्हणजे शुद्ध हरपणं. आपल्या नागपुरात पेशंट येतो भंडाऱ्याहून, गडचिरोलीहून, शिवनीहून, छिंदवाड्याहून, आणि म्हणतो काय? ‘जीव घाबरा होऊन राहिला.’ ‘हातपाय गळून गेले.’ ‘छातीत भरून आल्यासारखं वाटते.’ कॉलेजच्या मुलीला ‘जीव घाबरा होते’ ऐकलं की वाटतं, बाईला टेन्शन आलंय. तुम्हाला माहीत आहे की साठीच्या, मधुमेह असलेल्या बाईने घाम पुसत ‘जीव घाबरा होते’ म्हटलं, तर छातीत कळ नसली तरी आधी ईसीजी काढायचा आणि बोटातून साखर पाहायची. मधुमेहात हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो, आणि साखर खाली गेली तरी असाच घाम फुटतो. हा शब्दकोश कुणी छापलेला नाही. तो तुमच्यासारख्यांच्या डोक्यात आहे आणि निवृत्तीबरोबर मानेवाड्याला घरी येऊन बसलाय.

सिकलसेलचंच घ्या, रक्ताचा तो आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भात नर्सिंग करायचं आणि सिकलसेलचा पेशंट भेटायचा नाही, असं होत नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, २०४७ चं लक्ष्य ठेवलं. मुलींना हे परीक्षेपुरतं पाठ असतं. पण वॉर्डात क्रायसिसमधला, म्हणजे दुखण्याचा झटका आलेला, अठरा वर्षांचा पोरगा पडलेला असतो, मोबाईल पाहतो आणि दुखण्याचं इंजेक्शन मागतो. मुलगी येऊन सांगते, ‘मॅडम, तो नाटक करून राहिला. दुखते म्हणते अन् व्हिडिओ पाहते.’ ज्याला लहानपणापासून दर दोन-तीन महिन्यांनी हाडं ठणकून येतात, तो ओरडत नाही. तो मन दुसरीकडे लावायला शिकलेला असतो. त्याचं दुखणं त्याच्या चेहऱ्यावर शोधायचं नसतं. त्याला विचारायचं, तो सांगेल तो आकडा लिहायचा, औषध वेळेवर द्यायचं, अंगावर पांघरूण घालायचं, पाणी किती गेलं ते पाहायचं. हे एकदा कुणी शेजारी उभं राहून सांगितलं की ती मुलगी पुढची तीस वर्षं एकाही सिकलसेलच्या पोराला नाटकी म्हणणार नाही. आणि मे महिन्यात, पारा ४५ वर गेला की, अंग कोरडं तापलेला, असंबद्ध बडबडणारा मजूर ‘पिऊन आलाय’ म्हणून कोपऱ्यात पडून राहतो, आणि त्याला झालेला असतो उष्माघात. तुम्ही असं पाहिलं असेलच.

आता पुस्तकांबद्दल. सिस्टर, तुमची भीती अगदीच खोटी नाही. काही गोष्टी बदलल्यात, त्या जाण्याआधी पाहून घ्या. सीपीआर तुम्ही एबीसी शिकलात, म्हणजे आधी श्वासमार्ग. २०१० पासून आधी छाती दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ३० ला २ श्वास. सुई वापरल्यावर टोपण परत लावायचं नाही, आपल्या पिढीचा हात आपोआप टोपणाकडे जातो, तो आवरा. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ मध्ये नवे आले, पिवळा, लाल, पांढरा, निळा, कशात काय टाकायचं ते त्या वॉर्डातल्या तक्त्यावर पाहून घ्या. कमरेच्या इंजेक्शनची जागाही आता मुली वेगळी शिकून येतात. तिथे ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणू नका. ‘मला दाखव, तू कशी शिकलीस’ म्हणा. दाखवताना मुलगी स्वतःच दोनदा विचार करते, आणि तुमचंही शिकणं होतं.

पण जे बदललं नाही, ते अजूनही पेशंटच्या जिवावर बेततं. इन्सुलिनची वायल घ्या. आपल्याकडे मिलीलिटरला ४० युनिटची वायलही मिळते आणि १०० चीही. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. ४० च्या वायलमधलं इन्सुलिन केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर पेशंटला २० नाही, ८ युनिट जातात. आणि उलट झालं, १०० ची वायल आणि लाल टोपण, तर २० च्या जागी ५० युनिट जातात. पेशंट रात्री घामाघूम होऊन बेशुद्ध पडतो आणि सकाळी कुणालाच कळत नाही काय झालं. मुलींना हे गणित वहीत येतं. ट्रेमध्ये घाईघाईत जी सिरिंज हाताला लागते ती कोणत्या टोपणाची, हे पाहायची सवय वहीत लागत नाही. तुम्ही ट्रेजवळ उभ्या राहून रोज एकच प्रश्न विचारायचा, ‘टोपण कोणतं?’ महिनाभराने त्या तुमच्या आधी बोलतील.

जीएनएम आणि बी.एस्सी.चं मनातून काढून टाका. कागदावर ट्यूटर व्हायला बी.एस्सी. लागते, हे खरं आहे, आणि तसं असावंही. तुम्हाला ट्यूटर व्हायला बोलावलेलंच नाही. पेशंटचे थंड पडलेले पाय डिग्री विचारत नाहीत.

पायांवरून माझं एक सांगते.

मी पहिल्या वर्षात होते. दवाखान्याचं नाव नको. तिथल्या इन्चार्ज सिस्टर कडक होत्या, म्हणजे ट्रे भिरकावण्याइतक्या कडक. एका संध्याकाळी एकाच नावाच्या दोन आजी शेजारी-शेजारी होत्या आणि मी एकीची बीपीची गोळी दुसरीला दिली. मिनिटभरातच कळलं. पण मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्या वॉर्डासमोर काय झालं असतं, ते मला माहीत होतं. मी काहीतरी निमित्त काढून दर वीस मिनिटांनी त्या आजींचं बीपी पाहत राहिले आणि आतून नुसती थरथरत राहिले. रात्री ड्युटीवर एक स्टाफ सिस्टर आल्या. त्या आमच्या कुणीच नव्हत्या. ट्यूटर नव्हत्या, इन्चार्ज नव्हत्या, आमच्या फॉर्मवर त्यांची सही चालत नव्हती. त्यांनी मला तीनदा त्याच बेडजवळ पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘काय झालं गं?’ मी सांगून टाकलं.

त्या ओरडल्या नाहीत. आधी आजींना पाहिलं, मग डॉक्टरांना कळवलं, मग मला घेऊन दोन्ही बेडमध्ये उभ्या राहिल्या. ‘नाव विचारून थांबायचं नाही. नाव आणि केसपेपरचा नंबर. दोन्ही जुळले तरच हात पुढे करायचा.’ आजींना काही झालं नाही, त्यांचं नशीब आणि माझंही. पुढे त्याच सिस्टरांनी एका रात्री बाळंतिणींच्या वॉर्डात माझा हात धरून एका मुलीच्या पावलांवर ठेवला. बीपी ११० होतं, मी तसं सांगितलंही होतं. ‘बीपी नंतर. पाय बघ. थंड आहेत ना? आता नाडी मोज.’ नाडी १२४ होती. पांघरूण वर केलं तर खाली रक्ताचं थारोळं. ‘तरुण मुलींचं बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं गं,’ त्या म्हणाल्या, ‘पाय आधी सांगतात.’ त्यानंतर मी पाय न पाहता कोणत्याच पेशंटजवळून गेले नाही.

त्या बाईंना कुणी मेंटॉर म्हटलं नव्हतं, त्याचा एक पैसाही मिळाला नव्हता. पण मी ती गोळीची चूक त्यांनाच का सांगितली, याचा मी खूप विचार केलाय. ट्यूटरच्या हातात इंटर्नलचे मार्क असतात. इन्चार्जच्या हातात पोस्टिंगची सही असते. या बाईंच्या हातात माझं काहीच नव्हतं. म्हणून त्यांना सांगता आलं.

सिस्टर, तुम्ही बिनपगारी जाणार, त्याची खरी किंमत इथे आहे. मुलगी ट्यूटरला विचारणार नाही, ‘मॅडम, सलाईनचे थेंब कसे काढायचे?’ कारण ते पहिल्या वर्षीच झालेलं असतं, आता विचारलं तर अब्रू जाते. मग ती अंदाजाने चाक फिरवते. तुम्हाला विचारेल. मग तुम्ही तिला सलाईनच्या नळीच्या सेटचं पाकीट वाचायला लावाल, एका मिलीलिटरला १५ थेंब लिहिलेत की २०, आणि ५०० मिली चार तासांत द्यायचं तर वीसच्या सेटला मिनिटाला साधारण ४२ थेंब आणि पंधराच्या सेटला ३१, हे तिच्याकडून करून घ्याल. म्हणून माझी पहिली अट, आणि यात तडजोड नाही: मार्कांच्या कागदावर सही करायची नाही. लॉगबुकवरही नाही. प्राचार्यबाई गोड बोलून ‘सिस्टर, तुम्ही तर पाहिलंच आहे, दोन सह्या करून टाका’ म्हणतील. नाही म्हणा. ज्या दिवशी तुम्ही सही केली, त्या दिवसापासून मुली तुम्हाला फक्त जे येतं तेच दाखवतील.

यातून एक गोष्ट मात्र वगळा. पेशंटला धोका होईल असं काही दिसलं, तर ते लपवायचं नाही. हे पहिल्याच दिवशी मुलींना सांगून टाका: ‘तुमचं अज्ञान माझ्यापाशी राहील, पेशंटला झालेलं काही माझ्यापाशी राहणार नाही. पण सांगायला आपण दोघी मिळून जाऊ.’

आता तुमचा मुलगा. त्याचं चूक नाही हो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे बी.एस्सी.ला दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. तो शिक्षक पगारी असतो, असायलाच हवा. काही ठिकाणी काय होतं, ट्यूटरच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि तपासणीच्या दिवशी कुणाकुणाला उभं करायचं. मी स्वतः एका ठिकाणी (नाव सोडा) नोकरी सोडल्यानंतर वर्षभराने माझंच नाव तिथल्या शिक्षकांच्या फलकावर वाचलं होतं. त्यामुळे प्राचार्यबाईंना सरळ विचारा, ‘या ग्रुपला पगारी ट्यूटर कोण आहे? ती माझ्याबरोबर वॉर्डात असणार का?’ उत्तर ‘सध्या नाही, म्हणून तर तुम्हाला...’ असं आलं, तर चहा प्या आणि घरी या. तुमची जाणती विद्यार्थिनी आहे, रागावणार नाही, रागावली तर रागावू दे. फुकट मेंटॉर ट्यूटरच्या सोबतीला असतो. ट्यूटरच्या जागी बसवला, तर तुमच्या चांगुलपणाने एका तरुण मुलीची नोकरी जाते. ती कदाचित तुमच्याच हाताखाली शिकलेली असेल.

आणि फुकट म्हणजे स्वतःच्या खिशातून नाही. जाण्यायेण्याचा खर्च मागा, दुपारचं जेवण मागा. लाजू नका, फी लाखात आहे हे तुमचा मुलगा म्हणतोच आहे. मानद मार्गदर्शक म्हणून लेखी पत्र आणि ओळखपत्र घ्या. ओळखपत्राशिवाय कुठल्याही पेशंटला हात लावू नका, मग ३३ वर्षं काय नि ५० काय. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची तुमची नोंदणी चालू आहे का ते बघा. निवृत्तीच्या गडबडीत नूतनीकरण राहून गेलेल्या अनेक जणी मला माहीत आहेत. हेपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस झालेत का, आणि सुई टोचली तर तिथे कुणाकडे जायचं, औषध कुठे ठेवलंय, हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं लागतं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. रविवारी दुपारी चावी शोधत बसायची वेळ नको.

एक कबूल करते. हे सगळं पेन्शन असलेल्या बाईला परवडतं. खासगीत बारा-बारा तास राबणाऱ्या स्टाफ सिस्टरला कुणी ‘सेवाभावाने मुलींना शिकवा’ म्हटलं, तर मी तिला बरोब्बर उलटा सल्ला देईन.

किती मुली घ्यायच्या? चार, फार तर पाच. आणि तोच ग्रुप, तोच वॉर्ड, तीन महिने. आज मेडिसिन, उद्या सर्जरी, परवा ओपीडी असं फिरवलं तर तुम्ही पाहुण्या होता. पाहुणीला कुणी चूक सांगत नाही. तुम्ही पत्रात सगळीकडे ‘मुली’ लिहिलंय. आता दोन-तीन ब्रदरही असतील त्यांच्यात. त्यांना बायकांच्या वॉर्डात उभं कसं राहावं, पडदा कधी ओढावा, कुणाला सोबत घ्यावं, हे फारसं कुणी शिकवत नाही. ते बिचारे कोपऱ्यात फाइल वाचत उभे असतात आणि लोक म्हणतात, कामचुकार आहेत.

रागवण्याचं काय? सिस्टर, स्वभाव ५९ व्या वर्षी बदलत नाही, तसं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. जागा बदला. पेशंटसमोर आणि नातेवाइकांसमोर एक शब्दही नाही, कारण ज्या मुलीला सकाळी झापलेलं पेशंटने पाहिलं, तिच्याकडून तो दुपारी इंजेक्शन घेत नाही. लिनन रूममध्ये न्या, दार लावा, मग काय बोलायचं ते बोला. आणि आधी एक प्रश्न विचारा: ‘तू हे का केलंस?’ उत्तर ऐका. अर्ध्या वेळा उत्तर असं येतं की राग जागच्या जागी विरतो. ‘मॅडम, काल रात्रीच्या सिस्टरांनी असंच करायला सांगितलं.’

ज्यांच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, त्या त्या वॉर्डाच्या इन्चार्ज. खरी परीक्षा तिथे आहे. तुम्ही स्वतः इन्चार्ज होता; आठवा, कुणी बाहेरची बाई येऊन तुमच्या ट्रॉलीचा कप्पा उघडून ‘अरे, इथे तर...’ म्हणाली असती तर तुम्ही काय केलं असतं? म्हणून मुलींना भेटण्याच्या आधी त्यांना भेटा. एकट्या जा, प्राचार्यबाईंना सोबत नेऊ नका. विचारा, ‘तुमच्या वॉर्डात येऊ का? कुठल्या वेळेला आलं तर तुम्हाला अडचण होणार नाही?’ राउंडची वेळ त्यांची. औषधांच्या कपाटाची चावी त्यांची. त्यांच्या स्टाफचं काही चुकलेलं दिसलं, तर मुलींसमोर नाही, त्यांच्याच कानावर घालायचं, तेही चहाच्या वेळी. मावशींना आणि मामांना पहिल्याच दिवशी नमस्कार करा. कोणते आजोबा रात्री बेडवरून उतरतात आणि कोणत्या आजी गोळ्या उशीखाली ठेवतात, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळतं. तेही मुलींना दाखवून द्या, कुणाला विचारायचं हेसुद्धा शिकावं लागतं.

पहिल्या दिवशी कुठलीही प्रोसीजर घेऊ नका. मुलींना वाटेल, आता कॅथेटर, आता रायल्स ट्यूब. काही नाही. प्रत्येकीला एक-एक पेशंट द्या आणि सांगा, दहा मिनिटं त्याच्याजवळ बस. फाइल उघडायची नाही, मोबाईल खिशात. आधी पेशंटला विचार, ‘आजी, मी शिकते आहे, तुमच्याजवळ बसले तर चालेल?’ मग फक्त पाहा आणि परत येऊन मला सांग, काय दिसलं. पहिल्या फेरीत सगळ्या ‘मॅडम, ठीक आहे पेशंट’ म्हणतील. परत पाठवा. दुसऱ्या फेरीत एखादी म्हणेल, ‘मॅडम, ते जरा कसंतरीच...’ तिला घेऊन तुम्ही त्या बेडपाशी जा, आणि पाहताना तुमच्या मनात जे जे चालतं ते मोठ्याने बोला. तुम्ही ३३ वर्षं हे मनातल्या मनात करत आलात, बोलायची सवय नाही, म्हणून सुरुवातीला अवघड जाईल. ‘मी आधी ओठ पाहिले. आता नखं. आता सलाईनच्या हाताला सूज आहे का पाहते. युरिनची पिशवी सकाळपासून तेवढीच आहे, हे मला आवडलं नाही.’ तुमच्या हाताखाली शिकलेल्या मुलींनी तुमचा हात पाहिला असेल, डोकं कुणी ऐकलेलं नाही. ते ऐकू द्या.

यजमानांना म्हणावं, आठवड्यातले पाच दिवस आरामच आहे. नाइट नाही.

आणि सिस्टर, रामटेकच्या लग्नातली ती गोष्ट कशासाठी लिहिली ते कळलं नाही, असं तुम्ही म्हणता. पण त्या काकांचा श्वास मिनिटाला किती होता, ते लिहायचं राहिलं. घास हातात धरून तुम्ही मोजला असणार. पुढच्या पत्रात आकडा कळवा.